अर्धी फेरी

"सही येते की अंगठा घ्यायचा, बाई?"

असं विचारून साटम साहेबाने शाईचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी तो तसाच त्याच्याकडे परत सरकवला. म्हटलं, "हा तुमच्याच कपाळाला लावा. दुसरीपर्यंत शिकलेय मी. मास्तरांनी नापास केली नव्हती, बापाने घरी बसवली. सुंदराबाई हिराजी जुवाटकर. वेलांटीसकट येतं."

धक्क्यावरच्या शेडमध्ये टोपल्या घेऊन बसलेल्या मासेवाल्या बायका फिदीफिदी हसल्या. भरती व्हायची होती, त्याशिवाय होडी सुटणार नव्हती, त्यामुळे त्यांना आयती करमणूक मिळाली होती.

साटम बंदर खात्याचा माणूस. तसा वाईट नव्हता बिचारा. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्याने त्यांच्यावर माझीच पानाची पितळी डबी ठेवली होती, तीही न विचारता.

आमच्या खाडीवरच्या तरीचा, म्हणजे होडीने माणसं पार करायचा, मक्ता माझ्या सासऱ्यांपासून आमच्या घरात. अल्याड आमची खारवाडी, पल्याड कोंडवी. सरकार लिलाव करतं, आम्ही बोली लावतो, वर्षाचा मक्ता आधी भरतो, आणि त्याच्यावर टॅक्स वेगळा. विक्रीकराचं ऑफिस म्हणायचे त्याला, आता जीएसटीचं म्हणतात. पाटी नवी लागली, खिशातून जाताना दुखतं तेवढंच. मग ते साथीचं साल आलं. कलेक्टरचा हुकूम सुटला, पोलिसांनी येऊन आमच्या मोठ्या होडीला साखळी घातली आणि खाडी बंद केली. मक्त्याचे पैसे आणि टॅक्स तर आधीच भरून बसलेलो.

दोन वर्षांनी सरकारला जाग आली. बंदीच्या महिन्यांचा मक्ता पुढच्या मुदतीत वळता करणार, आणि टॅक्स रोख परत.

"सेवाच दिली नाही तर कर कसला?" साटम म्हणाला. "फक्त जागेवर पंचनामा हवा. दोन साक्षीदार आणि तुमची सही. पोलीसपाटलांची सही मी येतानाच घेतली."

"आणि दुसरा साक्षीदार?"

"हे आहेत ना तुमचे." त्याने जयरामकडे बोट दाखवलं.

जयराम घाग खांबाला टेकून उभा होता. मुंबईला कसल्याशा कंपनीत होता, साथीत गावी आला तो परत गेलाच नाही. माझ्या घरातलं काहीही काम असो, हा न बोलावता हजर. लाकडं फोडून दे, छपराची कौलं सारख, होडीला डांबर लाव. इंजिन बंद पडल्यापासून मोठ्या होडीची वल्हीही तोच मारायचा, आणि मजुरी दिली की अर्धी परत ठेवून जायचा. मी म्हणायचे, "मेल्या, तुझी बायको मला शिव्या घालत असेल." तर नुसता खाली बघायचा.

त्या परताव्यात आमचं काय अडकलं होतं, तेही सांगते. लिलाव तोंडावर आला होता. इंजिन नसलेल्या होडीला खातं बोली लावू देत नाही, आणि तालुक्याचा एक ठेकेदार आपली लाँच घेऊन टपून बसला होता. परतावा आला असता तर जुनं का होईना इंजिन बसलं असतं. मुलगा माझा जहाजावर, खालच्या हुद्द्याचा. सुनेने, दर्शनाने, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून अर्ज इथवर आणला होता. ती माझ्या शेजारी पदर मुठीत धरून बसली होती.

"वाचा तर खरं, काय लिहिलंय ते," मी म्हटलं.

साटमने घसा साफ केला. "सदर कालावधीत खाडीवरील प्रवासी वाहतूक पूर्णपणे बंद होती. एकही फेरी झाली नाही. एकाही प्रवाशाची ने-आण करण्यात आली नाही."

शेडमधलं हसू थांबलं. त्या सगळ्या बायका आमच्याच वाडीतल्या.

"माझा नवरा गेला होता," मी म्हटलं. "होडी घेऊन."

साटमने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "ते मला माहीत आहे, बाई. वाईटच झालं. पण पोलिसांच्या कागदात आहे ना, की ते स्वतःच्या खाजगी कामासाठी गेले होते. ती फेरी धरत नाहीत."

"खाजगी काम," मी म्हटलं.

कोंडवीच्या बाजूला तिवरांच्या आत तेव्हा हातभट्टी चालायची. दारूची दुकानं बंद, म्हणून सगळ्यांची पावलं तिकडे. हिराजी तिकडेच गेला, असं सगळ्या वाडीने ठरवून टाकलं होतं. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही, तेवढी कुणाची छाती नाही. पण नळावर मी गेले की बोलणं तुटायचं, आणि तुटलेल्या बोलण्याचा वास येतो माणसाला.

नवऱ्याचं नाव घेते म्हणून नाक मुरडू नका. खाडीवर हाक मारायची तर नावानेच मारावी लागते. तर हिराजीची गोष्ट अशी.

आमच्या घरात हाकेचा एक रिवाज होता. पलीकडून कुणी हाक दिली की अलीकडून आधी "आलो होऽऽ" म्हणायचं, मग जेवणाचं ताट असो की ताप असो, उठायचं. हाक कुणाची, माणूस कोण, पैसे आहेत का, हे होडीत बसल्यावर. सासरे सांगायचे, ज्या हाकेला ओ मिळत नाही ती हाक माणूस निघून गेला तरी काठावरच बसून राहते. मी नवी नवरी होते तेव्हा हसले होते या बोलण्याला. सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं होतं की पुन्हा हसले नाही.

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. सगळा गाव घरात कोंडलेला. खाडीवर एवढी शांतता की खेकडा चिखलात शिरला तरी ऐकू यावं. आणि पलीकडून हाक आली.

हिराजीने माझ्याकडे बघितलं.

"बघू नका माझ्याकडे," मी म्हटलं. "होडीला साखळी आहे."

"लहान होडीला नाही."

"बंद आहे खाडी. पोलीस घेऊन जातील."

"खाडी बंद आहे गो. हाक कुठे बंद आहे?"

आणि ओट्यावरून उतरून "आलो होऽऽ" म्हणत गेलासुद्धा. मी तांदूळ निवडून संपवले, अंधार पडला तशी देवापुढे दिवा लावायला आत आले, वात पेटवली, आणि पलीकडून पुन्हा हाक आली. मला वाटलं, एवढा वेळ झाला, अजून पोचला कसा नाही हा? बाहेर येऊन बघितलं तर अंधारात काही दिसेना.

सकाळी लहान होडी कोंडवीच्या काठावर मिळाली. तिवराच्या बुंध्याला बांधलेली, गाठ हिराजीची. फळीखाली चपला नीट ठेवलेल्या. आणि हिराजी सापडला तो नंतर, खाली खाडीच्या तोंडाशी, जाळ्याच्या खुंटाला अडकलेला. बंदीमुळे खांदा द्यायला माणसं आली नाहीत. वल्ही मारून ज्याने अख्खा गाव पार केला, त्याला पालिकेच्या गाडीतून नेला.

पोलिसांना मी हाकेचं सांगितलं. त्यांनी घरोघर विचारलं. कुणीच ऐकली नव्हती. कोंडवीतून कुणी हाक दिली म्हणून पुढे आला नाही, आमच्या बाजूला कुणी उतरलेला नाही. हवालदार म्हणाला, "मावशी, फार शांत असलं की कान वाजतात."

त्यानंतर रोज वाजू लागले. दिवा लावला की हाक यायची. दर्शनाने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, त्याने थेंब दिले. थेंबांनी हाक थोडी तेलकट झाली, थांबली नाही. मग मी घरात सांगायचं बंद केलं. दिवा लावायचे, आणि तोंडाला पदर लावून उभी राहायचे, कारण माझ्या तोंडून "आलो होऽऽ" निघून जाईल अशी मला भीती वाटायची. ओ दिली आणि गेलं नाही, तर ते आणखी वाईट.

"आई," दर्शना माझ्या कानाशी म्हणाली, "नुसता कागद आहे. बाबा काय होते ते आपल्याला माहीत आहे ना? इंजिन नाही आलं तर होडी जाईल. बाबांची होडी."

पोर खोटं बोलत नव्हती. आणि मलाही, खरं सांगायचं तर, दोन वर्षांनी माझ्याच कानांचा भरवसा उरला नव्हता. जिथे गावाने ऐकलं नाही तिथे एकटी मी किती दिवस ऐकणार?

"आणा तो कागद," मी म्हटलं.

"आधी साक्षीदार," साटम म्हणाला. "या, जयराम. इथे."

जयराम पुढे आला. पेन हातात घेतलं. कागदावर वाकला आणि तसाच राहिला. त्याच्या नाकावरून घामाचा थेंब कागदावर पडला तसा साटमने कागद ओढला.

"अहो, शाई पसरेल!"

"काकी," जयराम म्हणाला, "आधी तुम्ही करा."

"का रे? तुझा हात लुळा पडला? डांबर लावताना बरा चालतो."

"मला नाही जमायचं."

"नाव लिहायला जमत नाही? मुंबईत काय अंगठा दाखवून पगार घेत होतास?"

बायका पुन्हा हसल्या. जयराम हसला नाही. त्याने पेन कागदावर आडवं ठेवलं आणि जमिनीवर बसला, माझ्या पायांपाशी, लहान मूल बसतं तसा.

"एकही फेरी झाली नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, काकी. मी त्या होडीतून आलो."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "कुठल्या होडीतून? तू तर मासळीच्या ट्रकमधून आलास ना?"

"तसं सांगितलं सगळ्यांना. मी चालत आलो मुंबईहून. पुलावर नाका होता, म्हणून कोंडवीला उतरलो. दुपारपासून तिवरांत लपून बसलो होतो. सांज झाली तशी हाक दिली. वाटलं, बंदी आहे, कोण येतंय. तर काकांनी लगेच ओ दिली. ओ ऐकून मी रडलो, काकी. इतक्या वाटेत कुणी ओ दिली नव्हती."

शेडमधल्या बायका ऐकायला टोपल्यांवरून पुढे वाकल्या.

"धक्क्यावर नाही उतरवलं मला. आमच्या घराखाली तिवरांत सोडलं. म्हणाले, कुणाला सांगू नको, चौदा दिवस शाळेत कोंडतील तुला, आणि माझी होडी जप्त करतील. मी नाही सांगितलं. मग सकाळी ऐकलं की काका..." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तेव्हा भीतीने नाही सांगितलं. आणि नंतर कसं सांगू, ते कळेना."

मी त्याला मारलं असतं. पायातली चप्पल हातात घेतलीही होती. दोन वर्षं हा माझ्या घरचं पाणी पीत होता, आणि माझ्या नवऱ्याला दारुडा म्हणणाऱ्या वाडीत खाली मान घालून फिरत होता. पण चप्पल हातात असतानाच माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी टोचायला लागलं.

"थांब," मी म्हटलं. "तुला अलीकडे आणून सोडलं ना? मग होडी पल्याड कशी बांधलेली सापडली?"

जयरामने तोंडावरचे हात काढले. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"तेच तर मला झोपू देत नाही, काकी. मी चिखलात उतरलो, वर चढणार एवढ्यात पलीकडून पुन्हा हाक आली."

दर्शनाने माझा हात धरला. तिला हाकेचं ठाऊक होतं, दुसऱ्या हाकेचं नव्हतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांना पहिली पटेना, तिथे दुसरी कुठे सांगू?

"तू ऐकलीस?" मी विचारलं. "तुझ्या कानांनी?"

"जशी तुमची ऐकतोय तशी. मी काकांना म्हटलं, काका, जाऊ नका. माझ्या मागे कुणी नव्हतं. दुपारपासून मी तिथेच होतो, त्या काठावर चिटपाखरू नव्हतं. तर म्हणाले, हाक आली ना? मग आहे कुणीतरी. आणि ओ देऊन होडी वळवली."

वारा आला आणि पितळी डबीखालचे कागद फडफडले. साटम त्यांच्यावर हात ठेवून बसून होता, पण बघत होता पलीकडे, कोंडवीच्या काठाकडे. मीही बघितलं. तिवरं, चिखल, एक बगळा. बाकी काही नाही.

तो गेला, होडी बांधली, चपला काढल्या, आणि हाक देणाऱ्याला शोधत चिखलात उतरला. भरती चढत होती.

मी चप्पल खाली टाकली आणि पायात घातली. म्हटलं, "लिहा, साहेब. फेरी झाली. एक पुरी झाली आणि एक अर्धी."

"बाई," साटम हळूच म्हणाला, "असं लिहिलं तर टॅक्स परत मिळणार नाही."

"फेरी झाली म्हणजे टॅक्स लागला. तुम्हीच म्हणालात, सेवा दिली नाही तर कर कसला. दिली सेवा. माझ्या माणसाने जीव देऊन दिली. ठेवा तुमचा कर."

"आई!" दर्शना म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते आणि तिने माझा हात सोडला नाही.

"आणि बंदीत होडी चालवली म्हणून मक्ताच रद्द होईल," साटम म्हणाला. "ह्या जयरामवरही गुन्हा लागेल. ऐका माझं. मी एवढंच लिहितो की मक्तेदाराने परताव्याचा अर्ज मागे घेतला. कारण लिहीत नाही."

मी जयरामकडे बघितलं. तो मान खाली घालूनच होता. त्याला सोडायची माझी इच्छा नव्हती. पण हिराजीनेच त्याला सांगितलं होतं, कुणाला सांगू नको. हिराजीने ज्याला लपवून उतरवला त्याला मी धक्क्यावर कसा उभा करू?

"लिहा तसं," मी म्हटलं. मग वळले, आणि टोपल्यांमागे बसलेल्या त्या सगळ्या बायकांकडे बघून म्हटलं, "सरकारच्या कागदावर नसू दे. तुम्ही ऐकलंत ना? आता नळावर जाऊन बोला. जेवढ्या मोठ्याने ते बोलत होतात, त्याहून मोठ्याने बोला."

म्हातारी यमुना उठली, तिने टोपलीतला सगळ्यात मोठा बोंबील काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "सुंदरे, चुकलं गो आमचं." मी म्हटलं, "बोंबलावर सुटतेस काय? सुरमई आण." तेव्हा कुठे शेडला श्वास सुटला.

मी अर्ज मागे घेतल्याची सही केली. वेलांटीसकट. साटमने पितळी डबी परत देताना वाकून नमस्कार केला.

त्या लिलावात आमचा तरीचा मक्ता गेला. ठेकेदाराची लाँच आली, ती अजून चालते. तिला हाक लागत नाही, तिचं वेळापत्रक असतं. ते असू दे.

पण त्या दिवशी सांजेला, भरती पुरी झाल्यावर, मी जयरामच्या दारात गेले. म्हटलं, "वल्हं घे."

लहान होडी त्या दिवसापासून कुणी पाण्यात घातली नव्हती. आम्ही दोघांनी ढकलली. पाणी शिशासारखं झालं होतं. कोंडवीच्या काठाशी, ज्या तिवराला ती बांधलेली सापडली होती, तिथे त्याने होडी लावली.

तेवढ्यात घराकडे, पाठीमागे, दर्शनाने देवाजवळ दिवा लावला असावा, कारण हाक आली. अगदी जवळून. तिवरांच्या आतून.

जयरामने तिवरांकडे मान वळवली. त्यानेही ऐकली होती.

मी तोंडावरचा पदर काढला. दोन वर्षं जी तोंडात धरून ठेवली होती ती ओ दिली. "आलो होऽऽ."

मग काठाला हात लावून होडी धरून ठेवली, उतारू चढताना धरतात तशी. म्हटलं, "बसा. भिऊ नका, हलणार नाही होडी." माणसाला चिखलातून पाय काढून, फळीवर सावरून बसायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबले. मग म्हटलं, "हिराजी, तुम्हीही या आता. सापडलं तुमचं माणूस. पुरे झालं शोधणं."

होडी एकदा कलली. मग सरळ झाली.

"चल रे," मी जयरामला म्हटलं.

त्याने वल्हं मारलं. अर्ध्या खाडीपर्यंत आलो. वारा पडलेला, भरती आमच्या बाजूची. तरी त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. शेवटी तो थांबला. माझ्याकडे बघायचं त्याला धाडस होईना.

"काकी, होडी जड लागतेय."

"लागणारच," मी म्हटलं. "दोघं आहेत."